गहू सोडून बघू का?

पोट फुगतं, थकवा जात नाही, तर ग्लूटेन सोडून बघू का? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हा प्रश्न मला सारखा येतो, कारण मी ते नऊ वर्षांपूर्वी सोडलंय. माझं उत्तर दरवेळी तेच असतं: आत्ता नको. आधी रक्त तपासा, आणि तपासणी होईपर्यंत रोज खाता तेच खात राहा.

हे उलटं वाटतं, म्हणून जरा मुळापासून सांगते. गव्हाच्या पिठाचा घट्ट गोळा मळा, थोडा वेळ ठेवा आणि बारीक धारेखाली चोळत राहा. दुधासारखं पाणी वाहून जातं, तो स्टार्च. मुठीत उरतो तो चिवट, ओढला की ताणला जाणारा गोळा म्हणजे ग्लूटेन. इटलीतल्या बोलोन्याच्या जाकोपो बेक्कारी यांनी 1728 साली असंच पीठ धुऊन ते वेगळं केलं होतं. ग्लायाडिन आणि ग्लूटेनिन ही प्रथिनं भिजल्यावर एकमेकांत गुंततात, त्या जाळ्यात हवा अडकते आणि ब्रेड फुगतो. जव आणि राय या धान्यांत त्यांचीच भावंडं असतात. तांदूळ आणि मका यांत नसतात.

खरं तर ग्लूटेन कुणालाच पुरतं पचत नाही. आपल्या पाचकरसांना त्याचे काही तुकडे तोडता येत नाहीत. बहुतेकांचं शरीर त्यांच्याकडे लक्षही देत नाही. पण सीलिॲक आजार असलेल्यांची प्रतिकारशक्ती त्या तुकड्यांना शत्रू समजते आणि त्या लढाईत स्वतःचंच लहान आतडं पोळून काढते. आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते, तिच्यातून अन्नरस शोषला जातो. ती लव झिजून सपाट होते. हा आजार जगात साधारण शंभरात एकाला असतो, आणि त्यातल्या कित्येकांना त्याचा पत्ताच नसतो.

मलाही नव्हता. मला जुलाब नव्हते, पोटदुखी नव्हती. फक्त हिमोग्लोबिन वर येत नव्हतं. अकरा वर्षं लोहाच्या गोळ्या घेतल्या. दरवेळी नवा डोस, नवी कंपनी, आणि ‘नीट जेवत जा’ हा सल्ला. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ‘‘एवढ्या गोळ्या जातात कुठे?’’ लोह मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं आणि हा आजार पहिला घाव तिथेच घालतो, हे मला त्या दिवशी कळलं. रक्तात टीटीजी नावाची प्रतिपिंडं सापडली, दुर्बिणीतून आतड्याचे तुकडे काढून तपासले, आणि अकरा वर्षांचं कोडं पंधरा दिवसांत सुटलं. वारंवार तोंड येणं, ठिसूळ हाडं, मूल न राहणं, कोपर-गुडघ्यांवर खाजणारे फोड, मुलांची खुंटलेली उंची: ही सगळी याच आजाराची रूपं असू शकतात. नुसतं पोटाकडे पाहिलं तर तो निसटतो.

माझ्या धाकट्या बहिणीनं मला सोबत म्हणून गहू सोडला. केवळ मायेपोटी. तिचंही पोट फुगायचं, ते थांबलं. दोन वर्षांनी डॉक्टर म्हणाल्या, सख्ख्या नात्यातल्या सगळ्यांची तपासणी करा, त्यांना धोका जास्त असतो. बहिणीचा रिपोर्ट स्वच्छ आला, आणि त्याला काडीचा अर्थ नव्हता. ग्लूटेन पोटात जात नसेल तर प्रतिपिंडं ओसरतात, आतडं भरून येतं. आजार असला तरी तो तपासणीत दिसत नाही. मग तिला सहा आठवडे रोज ग्लूटेन खावं लागलं. ते आठवडे तिनं कसे काढले ते मी पाहिलंय, म्हणून मी इतकी अडून बसते.

तिला सीलिॲक निघाला नाही. गव्हाची ॲलर्जीही नव्हती. तो वेगळाच प्रकार, अंगावर गांधी उठणं किंवा श्वास कोंडणं अशी लक्षणं बहुतेक लगेच दिसतात. तिचं पोट बिघडत होतं ते फ्रुक्टानमुळे. ही एक प्रकारची कर्बोदकं, गव्हात असतात तशी कांदा-लसणातही. नॉर्वेतल्या 2018 च्या एका प्रयोगात, स्वतःहून ग्लूटेन सोडलेल्या पण सीलिॲक नसलेल्या 59 जणांना न सांगता कधी ग्लूटेन, कधी फ्रुक्टान, तर कधी दोन्ही नसलेला खाऊ दिला. सर्वांत जास्त त्रास फ्रुक्टाननं झाला.

आजार नसलेल्यानं सोडलं तर बिघडतं काय? ग्लूटेन-फ्री म्हणून मिळणाऱ्या तयार पदार्थांत चोथा बऱ्याचदा कमी असतो. पण मला त्याहून मोठं नुकसान वाटतं ते खरं कारण झाकलं जाण्याचं. आणि आजार असेल तर ‘जमेल तेवढं कमी’ चालत नाही. एक किलो पदार्थात 20 मिलिग्रॅम ग्लूटेन, ही ग्लूटेन-फ्री म्हणण्याची आंतरराष्ट्रीय मर्यादा. ब्रेडचा चुरा लागलेला चमचासुद्धा घात करायला पुरतो. एवढी शिस्त आयुष्यभर नुसत्या संशयावर कुणी पाळत नाही. मी पाळते, कारण माझ्या हातात रिपोर्ट आहे.

ग्लूटेन सोडण्याचा हा उपाय सापडला तोही मोठ्या हालातून. विलेम डिके हे नेदरलँड्समधले बालरोगतज्ज्ञ. गव्हाबद्दल त्यांना दुसऱ्या महायुद्धाआधीपासून शंका होती. 1944-45 च्या हिवाळ्यात तिथे उपासमार झाली, ब्रेड मिळेना, आणि त्यांच्याकडची सीलिॲक असलेली मुलं सुधारू लागली. ब्रेड परत आला तशी ती पुन्हा खंगली. 1950 साली त्यांनी हे प्रबंधात मांडलं. त्याआधी या आजारानं कितीतरी मुलं दगावली होती.

बहिणीबरोबर आईचंही रक्त दिलं होतं, केवळ नियम म्हणून. वय अडुसष्ट, पोटाची तक्रार कधीच नाही, फक्त दोन वर्षांत दोनदा मनगट मोडलेलं. तिची टीटीजी माझ्याहून जास्त निघाली. आता ती डब्यांवरची बारीक अक्षरं भिंग घेऊन वाचते. परवा रात्री तिचा फोन आला: सॉसच्या बाटलीवर, शेवटून दुसऱ्या ओळीत, तिला जवाचं माल्ट सापडलं होतं.