पॅथॉलॉजी मला कशी कळायला लागली, माझा अनुभव

मी गोव्यातल्या वाळपईची, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. पहिल्या इंटर्नल परीक्षेला पॅथॉलॉजीत, म्हणजे आजारानं शरीरात काय बदल होतात त्या विषयात, नापास झाले, आणि वाईट ह्याचं वाटलं की नोट्स पाठ होत्या, पण प्रश्न जरा फिरवून आला की काहीच सुचायचं नाही.

मग काजूच्या सीझनला घरी गेले तर मावशीचे हात बघवेनात. दिवसभर ओल्या काजूबिया सोलत होती, चीक लागून बोटं लाल, गरम, सुजलेली, दुखत होती आणि मूठ वळत नव्हती. मी तिथंच थांबले, कारण इन्फ्लमेशनची, म्हणजे दाहाची, हीच तर लक्षणं मी पाठ केली होती! लाली, उष्णता, सूज, वेदना ही चार रोमच्या सेल्ससनं पहिल्या शतकातच लिहून ठेवलीत, अवयव काम करेनासा होणं हे पाचवं नंतर आलं. त्या रात्री वही घेऊन बसले. रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त जास्त येतं म्हणून लाल आणि गरम, त्यांच्या भिंतीतनं पाणी आणि प्रोटीन बाहेर झिरपतं म्हणून सूज, प्रोस्टाग्लँडिन आणि ब्रॅडिकायनिन ह्या शरीरातच तयार होणाऱ्या रसायनांमुळे दुखणं. बस, एवढंच!

तेव्हापासनं कुठलाही आजार आला की चारच प्रश्न विचारते: कारण काय, ते शरीरात करतं काय, पेशी आणि टिश्यू (पेशींचे समूह) कसे बदलतात, आणि पेशंटला काय जाणवतं. टीबी घ्या. जंतू फुफ्फुसात जातात, मॅक्रोफेज नावाच्या संरक्षक पेशी त्यांना गिळतात पण मारू शकत नाहीत, मग पेशी त्यांच्याभोवती घेराव घालतात, तो ग्रॅन्युलोमा, त्याच्या मधला भाग मरून पनीरसारखा भुरभुरीत होतो, ते केसिएशन, आणि पेशंटला खोकला, संध्याकाळचा ताप, वजन कमी. आधी हेच मी चार वेगळ्या पानांवर पाठ करत होते.

लॅबमधल्या ताईंनी स्लाईड कशी बनते तेही दाखवलं, टिश्यूचा तुकडा कुजू नये म्हणून १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये, मग पॅराफिन मेणात, मग मायक्रोटोमवर ३ ते ५ मायक्रॉनचा काप, इतका पातळ की श्वास लागला तरी उडेल. हिमॅटॉक्सिलिन ह्या रंगानं पेशीचं केंद्रक निळं-जांभळं, इओसिन ह्या रंगानं बाकीचं गुलाबी. रंगांचा अर्थ कळल्यावर मायक्रोस्कोपमधनं बघायला इतकं छान वाटलं की पणजीहून शेवटची बस चुकायची वेळ आली.

दुसऱ्या इंटर्नलला पास झाले. निओप्लेजिया, म्हणजे गाठी आणि कॅन्सरचा भाग, अजून जड जातंय, तिथंही तेच चार प्रश्न लावून बघतेय. आणि मावशीला हातमोजे आणून दिलेत, सोलायच्या आधी हाताला खोबरेल चोळते म्हणाली.