बटण बंद, मेन चालू

पुण्यातल्या एका शाळेने जुन्या संगणकांची एक खोली जपली आहे. ऐन पावसाळ्यात तिथून फोन आला, ‘बंद कॉम्प्युटरमधून धूर येतोय.’ अशा वेळी माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो : बंद म्हणजे कुठून बंद?

“मामा, भिंतीवरचं बटण बंद होतं का?”

“नाही साहेब, मशीनचं बंद होतं. भिंतीवरचं चालूच असतं, त्याच बोर्डावर राउटर आहे ना.”

धूर निघाला होता एका टर्मिनलच्या (मोठ्या संगणकाला जोडायच्या पडदा-कीबोर्डच्या) मागून, पॉवर कॉर्ड खोचतो तिथल्या पत्र्याच्या डबीतून. ही डबी म्हणजे मेन फिल्टर, भिंतीतून येणाऱ्या म्हणजे मेनच्या विजेतला गोंगाट गाळणारा. वीज आधी फिल्टरमध्ये, मग फ्यूजमध्ये आणि शेवटी स्विचमध्ये, असा तिथला क्रम. त्यामुळे मशीनचं बटण बंद असलं तरी फिल्टरवर २३० व्होल्ट चोवीस तास असतात. फ्यूज शाबूत होता, कारण बिघाड त्याच्या अलीकडचा. एमसीबी, म्हणजे करंट फार वाढला की आपोआप पडणारा मीटरजवळचा खटका, तोही पडला नव्हता. अर्धवट शॉर्ट झालेल्या कपॅसिटरमधून (चार्ज साठवणारा छोटा भाग) अर्धा अँपिअर गेला तरी शंभर वॉटच्या वर उष्णता एवढ्याशा डबीत तयार होते, आणि सोळा अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही.

गुन्हेगार होता फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये बसणारा एक्स कपॅसिटर. त्या काळात तो धातूचा मुलामा दिलेल्या कागदाचा असे, वर इपॉक्सीचं कवच. वर्षानुवर्षांत कवचाला केसासारख्या चिरा पडतात, त्यातून दमट हवा कागदात शिरते आणि इन्सुलेशन ढासळतं. कुजक्या मासळीसारखा वास आणि बोर्डावर तपकिरी चिकट थर दिसला की समजायचं. हा थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने नीट पुसून काढावा लागतो, तसाच राहिला तर पुढे त्यातूनच वीज सरपटते.

असा कपॅसिटर फक्त टर्मिनलमध्येच असतो असं नाही. १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ या शालेय संगणक-शिक्षणाच्या सरकारी प्रकल्पातून शाळांना बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश संगणक मिळाले, त्यांच्या पॉवर सप्लायमध्ये रिफा कंपनीचे पिवळसर पारदर्शक कपॅसिटर सर्रास सापडतात. चिरा टॉर्चच्या उजेडात नुसत्या डोळ्यांनी दिसतात. पिन काढून ठेवल्याने या चिरा थांबत नाहीत. खोलीत कोणी नसताना धूर निघत नाही, एवढाच फायदा. पण तो मोठा आहे. खरा इलाज कपॅसिटर बदलण्याचाच.

बदलताना तेवढ्याच मूल्याचा, २७५ किंवा ३०५ व्होल्ट एसीचा, पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकचा ‘एक्स-टू’ घ्यायचा. ‘एक्स-टू’ म्हणजे फेज-न्यूट्रलमध्ये बसवण्यासाठीचा सुरक्षेचा दर्जा. पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सचे भाग मिळतात त्या तपकीर गल्लीत नुसतं ‘पॉइंट वन’ (०.१ मायक्रोफॅरड) मागितलं तर ६३० व्होल्ट डीसी छापलेला साधा फिल्म कपॅसिटर हातात पडू शकतो. तो इथे चालत नाही, ‘एक्स-टू’ हा छाप वाचूनच घ्या. पायांमधलं अंतरही आधी मोजा. मेनपासून अर्थला जाणारा वाय कपॅसिटर मात्र ‘वाय-टू’च हवा. त्याच्या जागी एक्स टाकणं म्हणजे चेसिसला, यंत्राच्या धातूच्या सांगाड्याला, हात लावणाऱ्याचा जीव टांगणीला लावणं. या टर्मिनलची डबी सीलबंद होती, म्हणून अख्खी बदलली.

मग बोर्ड तपासला. सॉकेटकडे तोंड केलं की अर्थ वर, फेज उजवीकडे, न्यूट्रल डावीकडे. टेस्टर उजव्या भोकात पेटायला हवा. इथे डावीकडे पेटत होता, आणि बटण बंद केल्यावरही! म्हणजे भिंतीवरचं बटण न्यूट्रल तोडत होतं. शिवाय अर्थ ढिला. अशा वेळी ४.७ नॅनोफॅरडचा एकच वाय कपॅसिटरही सुमारे ०.३४ मिलिअँपिअर करंट चेसिसवर आणू शकतो. झिणझिण्या येतात त्या यामुळेच. वायरमनकडून जोडणी सुलटी करून घेतली, राउटरला वेगळा पॉइंट दिला. तरीही माझं मत पक्कं : जुन्या यंत्राची पिनच उपसून ठेवायची. वळवाच्या गडगडाटात किंवा न्यूट्रल तुटून व्होल्टेज चढलं तर एकच तार तोडणाऱ्या बटणावर विसंबण्यात अर्थ नाही. पिन उपसल्याबरोबर तिच्या दांड्यांना हात लावू नका, एक्स कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्टपर्यंत चार्ज उरलेला असू शकतो.

‘कायम वीज मिळाली की कपॅसिटर ताजे राहतात’ असं म्हणणारे भेटतात. इलेक्ट्रोलिटिक, म्हणजे आत द्राव असलेल्या कपॅसिटरच्या बाबतीत त्यात थोडं तथ्य आहे, वर्षानुवर्षं पडून त्याचा ऑक्साइडचा थर झिजतो. पण मशीनचं बटण मेन तोडत असेल तर नुसती पिन खोचून ठेवून त्याला काही मिळतच नाही. त्यापेक्षा दर दोन-तीन महिन्यांनी तासभर मशीन चालवावं, समोर बसून. एटीएक्स, म्हणजे अलीकडच्या पीसीच्या सप्लायमध्ये मात्र बंद असतानाही पाच व्होल्टचा स्टँडबाय (बटण दाबण्याची वाट पाहणारा छोटा सप्लाय) चालू असतो. तो गरम राहून त्याचे छोटे कपॅसिटर सुकतात, काही डिझाइनमध्ये मग व्होल्टेज वर चढतं. त्याचीही पिन काढा.

स्पेक्ट्रम या १९८० च्या दशकातल्या घरगुती संगणकाच्या अडॅप्टरला तर बटणच नाही. भिंतीवर चालू राहिला की ट्रान्सफॉर्मर तापत राहतो. त्यावर ९ व्होल्ट छापलेलं असलं तरी लोडशिवाय १२ ते १४ दिसतात, त्यात बिघाड नाही. त्याच काळातल्या कमोडोर ६४ या संगणकाच्या अडॅप्टरच्या ठोकळ्याचं तसं नाही. तिथे पाच व्होल्टची लाइन ५.२५ च्या वर दिसली, तर तो मशीनला लावायचाच नाही, नाहीतर रॅमच्या चिप्स जातात.