पँडोराकडे पेटी नव्हती, रांजण होता

‘पँडोराची पेटी उघडली’ हा प्रयोग मराठीत आता बराच रुळलाय. मूळ ग्रीक गोष्टीत पँडोरा ही पहिली स्त्री झाकण उघडते आणि जगभर संकटं सुटतात; तिथे पेटी मात्र नाहीच. इसवी सनापूर्वी ७००च्या सुमारास ग्रीक कवी हेसिअडने ती सांगितली, तेव्हा शब्द वापरला ‘पिथोस’. पिथोस म्हणजे आपला रांजण: धान्य, तेल, वाइन साठवायचा, कधी निम्मा जमिनीत पुरलेला. क्रीटमध्ये नोसॉसच्या राजवाड्याच्या कोठारांत असे पुरुषभर उंचीचे रांजण सापडले आहेत. पुढे १६व्या शतकाच्या सुरुवातीला डच विद्वान इरॅस्मसने लॅटिनमध्ये लिहिताना पिथोसच्या जागी ‘पिक्सिस’, म्हणजे झाकणाची डबी, घातली. इंग्रजीत तिची ‘बॉक्स’ झाली आणि आपल्याकडे पेटी.

फरक नुसत्या भांड्याचा नाही. रांजणात घराची बेगमी असते. जिथून दाणे निघायचे तिथून रोगराई आणि काबाडकष्ट निघाले, ही मेख डबीत उरत नाही. आशा तेवढी आत, काठाखाली अडकली (हेसिअडचा शब्द ‘ओठ’, ग्रीक भांड्यांना काठ नसतो, ओठ असतात). ती माणसासाठी राखून ठेवली की माणसापासून लपवली, यावर पंडितांचं अजून एकमत नाही.

आणि कुणाची लफडी बाहेर आली की ही पेटी उघडू नये. त्याला ‘बिंग फुटलं’ हे खणखणीत मराठी आहे. एका कृतीतून आवरता न येणारी संकटं सुरू झाली, तरच पँडोराला बोलवावं.

कॉम्प्युटरमधला ‘ट्रोजन व्हायरस’ हाही असाच घोळ. नाव आलंय ते पोटात सैनिक लपवलेल्या लाकडी घोड्यावरून. पण तो घोडा ट्रॉय शहराचा नव्हता, त्याच्या शत्रूंनी, ग्रीकांनी बांधलेला; ट्रोजन म्हणजे ट्रॉयचे, फसलेले लोक. शिवाय व्हायरस स्वतःच्या प्रती काढत पसरतो, ट्रोजन तसं करत नाही. कामाचं ॲप समजून तो आपणच इन्स्टॉल करतो. ट्रॉयवाल्यांनीही घोडा स्वतःच ओढत गावात नेला होता, तेव्हा उपमा पक्की आहे, फक्त नाव अर्धवट तुटलंय.

ग्रीक पुराणातल्या ॲटलासच्या खांद्यावर पृथ्वी नाही, आकाश आहे. एवढं पुरे.

इंग्रजीतलं ‘टँटलाइज’ म्हणजे नुसती लालूच दाखवणं नव्हे. शब्द आलाय टँटलसवरून: होमरच्या ‘ओडिसी’ या महाकाव्याच्या ११व्या सर्गात तो पाताळात शिक्षा भोगत हनुवटीपर्यंत पाण्यात उभा आहे. प्यायला वाकला की पाणी आटून पायाखालची काळी माती दिसते. डाळिंबाला, अंजिराला हात घातला की वारा फांद्या वर उडवतो. वस्तू समोर दिसायला हवी आणि ऐन वेळी निसटायलाही हवी. १८०२मध्ये स्वीडनच्या एकेबर्गने एका नव्या धातूला ‘टँटलम’ नाव दिलं ते याच हिशेबाने: त्याचं ऑक्साइड आम्लात बुडवून ठेवलं तरी आम्ल काही घेईना. त्याच्याच खनिजांत दुसरा एक धातू इतका मिसळलेला असतो की दोघे वेगळे ओळखायलाच कित्येक वर्षं गेली. १८४४मध्ये हाइनरिख रोझेने त्याला टँटलसच्या मुलीचं, नायोबीचं नाव दिलं: नायोबियम. आवर्तसारणीत लेक ४१व्या घरात, आणि बरोबर तिच्याखाली, ७३व्या घरात, बाप.