माउली, पंपाला हात लावू नका

पालख्या पुण्यात मुक्कामाला आल्या की आमच्या कॅज्युअल्टीत पायांचे पेशंट वाढतात. फोड, चिखल्या, मुरगळलेले घोटे, मधूनच जुलाब. नाना पेठ, भवानी पेठ त्या दोन दिवसांत माणसांनी अशी भरलेली असते की अँब्युलन्स वाट काढून पोचते हेच नवल. त्या संध्याकाळी १०८ ची गाडी आली ती मात्र पायांसाठी नव्हती.

साठी उलटलेले बाबा. गळ्यात तुळशीची माळ, कपाळावरचा बुक्का घामाने पसरलेला, धोतर ओलं. उजवा हात आणि तोंडाची उजवी बाजू सारखी उडत होती. सोबत दिंडीतले दोघे. एकाच्या हातात फोडलेला कांदा अजून तसाच. चप्पलही हुंगवून झाली होती, ते नंतर कळलं. दातांत चमचा घालणारं कोणी भेटलं नाही हे नशीब. त्या चमच्यापायी दात पडलेले, हिरड्या फाटलेले पेशंट मी पाहिलेत.

"किती वेळ झाला?"

"चहाला टेकलो तवा लागलं. मधी थांबलं, पन सुद नाही आली. पुन्यांदा सुरू."

म्हणजे अर्धा तास तरी. फिट पाच मिनिटांत थांबली नाही तर आपोआप थांबेल म्हणून बसून राहायचं नसतं, औषध सुरू करायचं असतं. गाडीत मिडॅझोलॅम, फिट थांबवायचं पहिलं औषध, देऊन झालं होतं. आम्ही बाबांना कुशीवर घेतलं, सक्शन केलं, ऑक्सिजन लावला, बोट टोचून साखर पाहिली. साखर ठीक होती. फ्रिजमधून त्याच जातीचं लोराझेपाम आलं, आरएमओ (निवासी डॉक्टर) मॅडमनी ४ मिलिग्रॅम सावकाश दिलं. झटके ओसरले, पण अंगठा आणि ओठाचा कोपरा काही थांबेना.

"सिस्टर, फेनिटॉइन लोड करू," मॅडम म्हणाल्या.

हे औषध १९३८ पासून फिटसाठी वापरात आहे. गोळी म्हणून ते गरीब स्वभावाचं, शिरेतून मात्र भलतंच तिरसट. पाण्यात ते सहजी विरघळत नाही, म्हणून इंजेक्शनमध्ये प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि अल्कोहोल घालतात, आणि पीएच १२ च्या आसपास, म्हणजे तीव्र अल्कधर्मी, ठेवतात. धुण्याच्या सोड्यापेक्षा जहाल. ते शिरेच्या बाहेर गेलं तर कातडी आणि मांस जळतं. स्नायूत तर मुळीच देत नाहीत. दुसऱ्या एका ठिकाणाहून आलेल्या बाईंचा हात मी एकदा पाहिलाय: मनगटापासून बोटांपर्यंत जांभळा-काळा, सुजून टम्म. औषध दिल्यावर काही तासांनी असं होऊ शकतं. इंग्रजीत त्याला 'जांभळा हातमोजा' अशा अर्थाचं गोंडस नाव आहे. ज्याने हे नाव दिलं त्याने तो हात पाहिला नसावा.

म्हणून गाडीत पंजाच्या मागे लावलेली निळी, बारीक इंट्राकॅथ (शिरेत ठेवायची नळी) मी या औषधासाठी वापरली नाही. डाव्या हाताला कोपराजवळ चांगली जाड शीर होती, तिथे गुलाबी, जरा जाड लावली आणि सलाईनने फ्लश करून पाहिली. फुगवटा नाही, बाबांचा हात आखडला नाही. बीपीचा पट्टा दुसऱ्या हाताला. सलाईनच्याच हातावर पट्टा आवळला की औषध शिरेबाहेर ढकललं जायची भीती असते.

तोवर मॅडमनी ईसीजी काढून घेतला. हृदयाची गती मंद असेल किंवा ठोक्याचा विद्युत संदेश अडत असेल (हार्ट ब्लॉक) तर हे औषध द्यायचंच नाही. ईसीजी बरा होता.

मी बाबांची पिशवी उचकली. कोणाची पिशवी अशी उघडणं मला आवडत नाही, पण या वेळी ती बोलते. टाळ, गीतेची पोथी, चिवडा आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत फेनिटॉइनच्या १०० मिलिग्रॅमच्या गोळ्या, पार भिजून लगदा झालेल्या.

"आळंदीत पाऊस लागला ना, तवापास्नं गोळी न्हाई," कांदेवाले म्हणाले. "म्हनलं पंढरपुरात घेऊ."

गोळ्या चुकलेल्या, पहाटे तीनला उठून चालणं, झोप अपुरी. फिट यायला याहून जास्त काही लागत नाही. हे विचारणं महत्त्वाचं अशासाठी की गोळी नियमित चालू असती तर पूर्ण लोडिंग डोसने, म्हणजे सुरुवातीच्या एकदम मोठ्या डोसने, रक्तातलं प्रमाण नको तितकं चढलं असतं. ते मिलिलिटरमागे १० ते २० मायक्रोग्रॅमच्या मध्ये लागतं. आधी लेव्हलसाठी रक्त काढलं, मग मॅडमनी किलोला २० मिलिग्रॅमचा हिशेब धरला. वजनकाटा त्या गोंधळात कुठला? "पन्नासच्या आतच असंल," असं दोघांनी ठरवलं, मीही नजरेने ४५ धरलं. म्हणजे ९०० मिलिग्रॅम, नऊ अँप्युल.

आमच्याकडे शिकायला येणारी नर्सिंगची (जीएनएम) मुलगी हुशार आहे, हात चपळ आहेत. मी अँप्युल फोडत होते तोवर तिने बाटली पुढे केली. डेक्सट्रोज, म्हणजे साखरेचं सलाईन. ट्रॉलीवर तेवढीच उरली होती, एनएस (नॉर्मल सलाईन, मिठाचं पाणी) जुलाबवाल्यांना संपलेलं. मी म्हटलं, वॉर्डातून एनएस आण, पळत जा. ती गेली. "येवढ्यासाठी थांबायचं?" कांदेवाले ओरडले. हो, येवढ्यासाठीच. फेनिटॉइन फक्त नॉर्मल सलाईनमध्ये घालतात. डेक्सट्रोज आम्लधर्मी, त्यात पीएच उतरला की औषध स्फटिक होऊन बाहेर पडतं, आणि ते शिरेतून जाणं कोणालाच परवडणारं नाही.

१०० मिलिलिटर एनएसमध्ये नऊ अँप्युल, नळीला फिल्टर. मोठ्या माणसाला मिनिटाला ५० मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा, त्याहून वेगाने कधीच नाही. बाबांचं वय पाहता मॅडमनी २५ सांगितले. औषधासकट सगळं ११८ मिलिलिटर, पंपावर ताशी १९७ मिलिलिटर लावलं. म्हणजे छत्तीस मिनिटं.

ती छत्तीस मिनिटं नातेवाइकांना समजावणं हे माझ्या नोकरीतलं सगळ्यात अवघड काम आहे. आतापर्यंत सगळे पळत होते, आणि आता मी मशीनजवळ नुसती उभी. फोनवरून सरांनीही विचारलं, "अजून चालूच आहे?" मी वेग सांगितला, ते गप्प झाले. कांदेवाल्या माउलींनी मात्र पंपाकडे बोट नेलं: "ताई, ह्ये जरा वाढवा की."

"माउली, पंपाला हात लावू नका. हे जोरात गेलं तर हृदय थांबतं."

ते दोन पावलं मागे सरले आणि तिथूनच नामस्मरण करू लागले. माझी काही हरकत नव्हती.

एक तृतीयांशाच्या पुढे औषध गेलं असेल, बीपी १३० वरून ८८ वर आलं. पंप बंद. पाय उंच केले, दुसऱ्या लाइनने थोडं एनएस सोडलं, मॉनिटरवरची रेघ पाहत राहिलो. बीपी शंभरच्या वर आल्यावर निम्म्या वेगाने पुन्हा सुरू केलं. हाच डोस कोणी घाईने सिरिंजने ढकलला असता तर थांबवायला हातात काही उरलं नसतं. फॉस्फेनिटॉइन शिरेला सौम्य असतं, फेनिटॉइनच्या हिशेबात मिनिटाला १५० मिलिग्रॅमपर्यंत चालतं, पण ते आमच्याकडे त्या दिवशी नव्हतं. आणि त्याचा हिशेब फसवा: त्याचे ७५ मिलिग्रॅम म्हणजे फेनिटॉइनचे ५०. लेबल नीट न वाचणाऱ्याच्या हाती ते मी देणार नाही.

बाटली संपायच्या आधीच अंगठा शांत झाला. फ्लश करून लाइन मोकळी केली, पुढचे तास हाताचा रंग, सूज, बोटांची ऊब पाहत राहिलो. हात चांगला राहिला.

रात्री सवड मिळाली तेव्हा त्या मुलीला बोलावलं. एक अँप्युल जास्तीचं फोडलं गेलं होतं. डेक्सट्रोजच्या तळाशी उरलेल्या घोटभर पाण्यात ते सोडलं. पाणी क्षणात गढूळलं, बाटली हलवली तर आत पांढरी कणी फिरत होती. "दर वेळी इतकं लगेच दिसेलच असं नाही," मी म्हटलं. तिने मोबाइलवर फोटो काढला.

सकाळी बाबा शुद्धीवर, जीभ जड, पहिला प्रश्न पालखीचा. पालखी दिवे घाटाने सासवडला निघणार होती. न्यूरोच्या (मेंदूविकाराच्या) सरांनी चालायला साफ नकार दिला. घासाघीस होऊन दिंडीच्या ट्रकमधून, दोन दिवसांनी, असं ठरलं. गोळ्यांची दोन पाकिटं केली, एक बाबांच्या पिशवीत, एक कांदेवाल्यांच्या, दोन्ही प्लॅस्टिकच्या डबीत. मी कार्डावर मोठ्या मराठी अक्षरांत लिहिलं: रात्रीची गोळी चुकवू नये, उंचावर चढू नये, नदीत एकट्याने उतरू नये.

शेवटच्या ओळीवर बाबा अडले. "चंद्रभागेत?"

"काठावर बसून तांब्याने घ्या," मी म्हटलं.

बराच वेळ विचार करून त्यांनी मान हलवली, आणि कांदेवाल्यांकडे पाहून डोळा मिचकावला. मी कांदेवाल्यांकडूनच कबूल करून घेतलं.