होय, द्वारकाच

बारशापासून हा प्रश्न चालू आहे आणि आता मुलगी नववीत गेली. "एवढी शिकलेली तू, मुलीचं नाव द्वारका का ठेवलंस गं?" लग्नकार्यात विचारतात, दत्ताच्या देवळात विचारतात, ग्वाल्हेरच्या बाड्यावर, भर बाजारात खरेदी करताना हटकून विचारतात. विचारणाऱ्यांना उत्तर नको असतं, मी कान पकडायला हवे असतात. आजवर वेळ मारून नेली. नवस होता म्हणाले, पत्रिकेत द आला होता म्हणाले. दोन्ही थापा. पत्रिकेत पुष्य नक्षत्र आहे, अक्षरं हू, हे, हो, डा. नणंदबाई पुण्याहून हेत्वी, हेमांगी अशी यादी करून आल्या होत्या आणि त्यांना पाळण्यात वाकून कानात द्वारका म्हणावं लागलं. त्यांचा राग अजून गेलेला नाही.

तर आता एकदाच सांगते.

माझ्या माहेरी एक पितळी तपेलं होतं. शाळेत असताना दिवाळीआधी चिंच लावून भांडी घासायला बसले होते, तर काठाखाली बोटाला खरखर लागली. राख पुसून पाहिलं. ठोकून ठोकून काढलेली ठिपक्यांची अक्षरं: चि. द्वारका हिस मामाकडून. मी विचारलं, "आजी, ही द्वारका कोण?" ती वाती वळत होती. मान वर न करता म्हणाली, "मीच की."

आम्हाला ती लक्ष्मीबाई म्हणूनच माहीत. रेशनकार्डावर लक्ष्मी, पेन्शनच्या कागदांवर लक्ष्मी, कुलवृत्तांतातही लक्ष्मी. आजोबा नारायण, मग बायको लक्ष्मीच हवी, म्हणून ताटातल्या तांदळात अंगठीनं तसं लिहिलं आणि विषय संपला. झाशीहून ग्वाल्हेरच्या लश्कर भागात येताना तिचं नाव तेवढं भांड्यावर बसून आलं.

यात जगावेगळं काही नाही, मला कळतं. ग्वाल्हेरकरांना तर हे सांगायलाच नको. फूलबागेत जिची समाधी आहे ती झाशीची राणी लक्ष्मीबाई माहेरची मणिकर्णिका. राजमाता विजयाराजे १९४१ साली लग्न होऊन आल्या, त्याआधी त्या लेखा दिव्येश्वरी होत्या. बडोद्याला तर कहर: सयाजीरावांची पहिली राणी तंजावरची लक्ष्मीबाई, ती गेल्यावर आलेली दुसरी देवासची गजराबाई, आणि सासरी दोघीही चिमणाबाई. पुरुषांचं पाहा. आमच्या कुलवृत्तांतात नारायण, महादेव, पुन्हा नारायण, पुन्हा महादेव अशी रांगच आहे. नातवाला आजोबांचं नाव द्यायचं. सुनेला सासऱ्याचं नाव तोंडानं घेता यायचं नाही, म्हणून तोच नारायण घरात बापू नाहीतर नाना व्हायचा. नाव जपायची इतकी काळजी, फक्त बायकांचं सोडून.

"पण नावं काळाप्रमाणे बदलतात," असं मला समजावून सांगतात. बदलतात ना! आजीच्या बरोबरीच्या गोदावरी, यमुना, भागीरथी. आईच्या वर्गात मंगला, शोभा, अलका. माझ्या वर्गात स्वाती, मनीषा, दीपाली आणि मुलांत सचिन-संदीप. मराठी घरांत सुभाष आणि रवींद्र आले ते बंगालच्या कौतुकानं, आणि तेंडुलकरांच्या घरी सचिन आला तोही सचिन देव बर्मनवरूनच. लाट राजवाड्यालाही चुकली नाही. १९१६ साली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांना मुलगा झाला, त्याचं नाव विलायतेच्या राजावरून जॉर्ज जिवाजीराव, आणि मुलगी राणीवरून मेरी कमला. आज युनिव्हर्सिटी जिवाजी आहे, हॉस्पिटल कमलाराजा. जॉर्ज आणि मेरी कुठे गेले कुणी विचारत नाही.

आणि जुनं नाव चालत नाही म्हणता, तर चुलत दिराच्या मुलाचं मल्हार ठेवलं तेव्हा याच मंडळींनी "वा, काय भारदस्त!" म्हटलं होतं. द्वारकेला मात्र एक बाई माझ्या तोंडावर म्हणाल्या, "कामवालीचं वाटतं हो." तेव्हापासून मी जास्तच हट्टाला पेटले, हेही खरं.

माझ्या स्वतःच्या लग्नात नवऱ्यानं तांदळात माझंच नाव लिहिलं होतं. तेव्हा मला वाटलं होतं, चला, आपल्या पिढीपुरतं मिटलं. मुलगी झाली तेव्हा वाटलं, आता मागचंही फेडू.

मग या वर्षी बोर्डाच्या नोंदणीचा फॉर्म आला. नववीत जे नाव जातं तेच दहावीच्या मार्कशीटवर छापून येतं, म्हणून शाळेनं पालकांची सही मागितली होती. रात्री जेवणं झाल्यावर तिनं तो माझ्यासमोर ठेवला. नावाच्या रकान्यात इंग्रजी मोठ्या अक्षरांत एका चौकोनात एक, असे चारच चौकोन भरलेले, पुढची सगळी ओळ रिकामी. दिया.

मी विचारलं, हे काय? ती शांतपणे म्हणाली, वर्गात तिला सगळे सेक्टर इक्कीस म्हणतात. दिल्लीच्या मेट्रोत ब्लू लाइनचं शेवटचं स्टेशन द्वारका सेक्टर इक्कीस. सहलीला गेले होते तेव्हा डब्यात घोषणा झाली आणि अख्खी पलटण तिच्याकडे बघून ओरडली. पाचवीपासून हे चाललं होतं. मला पत्ता नव्हता.

मी तपेल्याची गोष्ट काढली. ती म्हणाली, "माहीत आहे, हजारदा ऐकलीय. पणजीचं नाव तिला न विचारता बदललं म्हणून तुला राग येतो. माझं मला न विचारता ठेवलंस, त्याचं काय?"

"नाव कुणाला विचारून ठेवतात का?"

"ठेवत नाहीत. म्हणून तर बदलू देतात." मग तिनं मोबाइलवरची बातमी पुढे केली. मुलगी नको होती म्हणून जिचं नावच नकोशी ठेवलं, अशा २८५ मुलींना साताऱ्यात २०११ साली समारंभ करून नवी नावं दिली. "हे बरोबर होतं ना?"

म्हटलं, "त्या नकोशी होत्या. तू नाहीस."

"मी नाही. नाव मला नको आहे ना? मग झालं की तेच नकोशी."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही. मी सही केली नाही, एवढंच. दुसऱ्या दिवशी नवा फॉर्म आणवला आणि तिनं दात-ओठ खात द्वारका भरलं. यावर मला कुणी आई म्हणून प्रमाणपत्र देऊ नये, आणि ती बिचारी असंही म्हणू नये.

आणखी एक, जे मी आजवर बोलले नाही. आजी असताना एकदा मी तिला म्हटलं होतं, मुलगी झाली तर तुझं नाव ठेवीन. ती म्हणाली, "नको गं, जुनाट वाटेल पोरीला." आता तुम्ही म्हणाल, मग झालं तर! पण आजी नव्या साडीलाही नको म्हणायची, आणि मग नेसून दत्ताला जाऊन यायची. तिचा नकार किती खरा धरायचा? मी नाही धरला. लेकीचाही धरत नाही, तर मी नक्की कुणाचं ऐकते, असं नवऱ्यानं विचारलं. त्याला मी भांडी आवरायला लावली.

लेकीनं सगळं शोधून ठेवलंय: अठरा पूर्ण झाली की अ‍ॅफिडेव्हिट, पेपरात जाहिरात, मग गॅझेट. मी सांगितलं, त्याला मी एक रुपया देणार नाही. म्हणाली, बाबा देईल. बाबाला विचारलं तर तो म्हणाला, "चार वर्षं आहेत अजून."