नाशिकच्या पक्षी-नोंदी नव्या पीसीवर : काम कुठवर आलंय

जुना पीसी विंडोज 7 वर, त्यात अ‍ॅक्सेस 2007 (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस प्रोग्राम). नवा विंडोज 11, ऑफिस 64-बिट. हलवायच्या आहेत दोन फाइली: एकीत टेबलं, दुसरीत फॉर्म आणि रिपोर्ट. नोंदी नांदूरमध्यमेश्वर, गंगापूर धरण, बोरगड आणि अंजनेरीच्या. फाइल कॉपी व्हायला पाच मिनिटं पुरली. बाकीचा वेळ खाल्ला तो फाइलीत नसलेल्या गोष्टींनी: फॉन्ट, फोल्डरचा पत्ता आणि विंडोजची तारखेची सेटिंग.

आधी बॅकअप. टेबलांच्या फाइलीशेजारी त्याच नावाची ‘एलएसीसीडीबी’ (कुलपाची) फाइल दिसली, तर डेटाबेस कुठेतरी उघडा आहे. अशा वेळी कॉपी मारली की अर्धवट लिहिलेला डेटा सोबत येऊ शकतो. सगळीकडे अ‍ॅक्सेस बंद केला की ती आपोआप जाते. लाइट गेल्यामुळे मागे राहिली असेल तर हाताने उडवा आणि मूळ फाइल एकदा उघडून बंद करा.

मग ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’ (फाइल आवळून दुरुस्त करणारी आज्ञा), पण कॉपीवर आणि हार्ड डिस्कवरच. पेन ड्राइव्हवर नको. अ‍ॅक्सेस आधी नवी फाइल लिहितो, मग ती जुनीच्या जागी ठेवतो, म्हणून निदान फाइलीएवढी जागा मोकळी हवी. यूपीएस नसेल तर हे काम पावसाळी संध्याकाळी काढूच नये. डिलीट केलेल्या नोंदींची जागा अ‍ॅक्सेस आपणहून सोडत नाही, आमची 1.4 जीबीची फाइल 310 एमबीवर आली. मर्यादा 2 जीबीची आहे, त्यामुळे हे आधीच करायला हवं होतं. प्रत्येक टेबलातल्या ओळींची संख्या कागदावर उतरवली, दोन्हीकडच्या फाइलींचे हॅश (फाइलीच्या मजकुरावरून निघणारी ओळखखूण) काढून जुळवले. गूगल ड्राइव्हच्या सिंक फोल्डरात चालू डेटाबेस ठेवू नका. बंद केलेली, झिप केलेली प्रत तिथे खुशाल ठेवा.

नव्या पीसीवर फॉर्म उघडताच टेबलं सापडेनात. जुना पत्ता डी ड्राइव्हचा होता, नव्यात फक्त सी. ‘लिंक्ड टेबल मॅनेजर’मधून नवा पत्ता दिला की हा प्रश्न सुटतो. फोटोंचं तसं नाही, कारण प्रत्येक ओळीत अख्खा पत्ता टाइप केलेला. अपडेट क्वेरीत ‘रिप्लेस’ वापरून पत्ता काढून टाकला, फक्त फोटोचं नाव ठेवलं. फोल्डर आता फॉर्म स्वतः ‘करंटप्रोजेक्ट.पाथ’वरून जोडतो. पुढच्या पीसीवर हे पुन्हा करावं लागणार नाही. मॅक्रो चालत नसतील तर फोल्डर ‘ट्रस्टेड लोकेशन’मध्ये टाका. कोडमध्ये विंडोजची फंक्शनं बोलावणारी जुनी ‘डिक्लेअर’ची ओळ 64-बिटवर अडते, तिथे ‘पीटीआरसेफ’ हा शब्द घालावा लागतो.

तारखांनी मात्र घाम काढला. खऱ्या डेट फील्डला काही होत नाही, कारण आत नुसता आकडा असतो. पण जुन्या टेबलात तारीख टेक्स्टमध्ये होती आणि नव्या विंडोजची सेटिंग अमेरिकन. टेक्स्टची तारीख करणाऱ्या ‘सीडेट’ फंक्शनने बदलली तेव्हा 23/04/2016 बरोबर आली, कारण तेविसावा महिना नसतो; 06/01/2016 मात्र मुकाट 1 जून झाली. एरर नाही, काही नाही. पकडलं थापट्या बदकाने! हिवाळी पाहुणा जूनमध्ये नांदूरमध्यमेश्वरला दिसू लागला. उपाय असा: ‘लेफ्ट’, ‘मिड’, ‘राइट’ने दिवस, महिना, वर्ष वेगळे काढा आणि ‘डेटसीरिअल’मध्ये घाला, सेटिंग काहीही असो. क्वेरीच्या एसक्यूएलमध्ये # खुणांत लिहिलेली तारीखही नेहमी महिना आधी धरूनच लिहायची.

आता नावं. पक्ष्यांची मराठी नावं जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये आहेत. टेबलात रोमन अक्षरं आणि खुणाच साठवलेल्या असतात, देवनागरी फक्त फॉन्ट काढतो. नव्या पीसीवर तो फॉन्ट नाही, म्हणून सगळीकडे कचरा दिसतो. सगळ्या नोंदी युनिकोड करणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढू नका. वेगवेगळी नावं तेवढी ‘डिस्टिंक्ट’ने बाहेर काढा (आमच्याकडे तीनशेच्या आत निघाली), ती बदला, डोळ्यांनी तपासा आणि जुनं नाव-नवं नाव असं जोडटेबल करून परत लावा. रफार आणि ऱ्हस्व वेलांटी विशेष पाहा. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी व्यंजनाआधी टाइप होते, ती चुकीच्या अक्षराला चिकटते. दोन फॉन्ट मिसळलेले असतील तर दोन कन्व्हर्टर लागतील. ऑटोकरेक्टने कुठे पहिलं अक्षर कॅपिटल केलं असेल, तर तिथे वेगळंच अक्षर निघतं.

एवढं करूनही ‘पांढऱ्या छातीचा खंड्या’ शोधला की निम्म्याच नोंदी येत होत्या. ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी साठवला जातो: नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखेच. कोड लिहायच्या व्हीबीए एडिटरमध्ये देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात, म्हणून ‘सीएचआरडब्ल्यू’ या फंक्शनला अक्षरांचे युनिकोड आकडेच द्यावे लागतात: 2352, 2381, 8205 या तिकडीच्या जागी 2353, 2381. ‘रिप्लेस’चं शेवटचं, तुलनेचं आर्ग्युमेंट 0 ठेवा. नाहीतर तो जोडक दुर्लक्षिला जाऊन ‘सूर्य’चाही ‘सूऱ्य’ व्हायची भीती आहे.

उरलंय ते जागांच्या नावांचं. नांदूरमध्यमेश्वर चार स्पेलिंगांत आहे आणि काही ओळींत नुसतं ‘चापडगाव’, म्हणजे तिथलंच काठचं गाव. ते नांदूरमध्यमेश्वरात मिसळायचं नाही, वेगळं ठिकाण म्हणून ठेवायचं. ते होईपर्यंत जुना पीसी फॉरमॅट करायचा नाही.