पाच डॉलर आणि तीनशे तीस दिवस

नोव्हेंबर २०२० मध्ये न्यू जर्सीतून पुण्याला कायमचा परत आलो. खिशात अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणारं. त्या सालचं तिकडचं आयकर रिटर्न भरलं आणि हिशेब मिटला असं धरून चाललो. पगार हिंजवडीत, टीडीएस इथे कापला जातोय, मग तिकडचं राहिलंच काय?

२०२४ च्या मे महिन्यात म्युच्युअल फंडाचं केवायसी नव्याने करताना फॉर्मवर प्रश्न आला, 'तुम्ही अमेरिकेचे नागरिक आहात का?' माझ्यासारखाच परत आलेला एक मित्र बाणेरला राहतो. त्याला सहज सांगितलं, तर तो म्हणाला, "आणि रिटर्न? भरतोयस ना?" माझा चेहरा बघून त्याने उत्तर ओळखलं.

अमेरिकेचा नागरिक कुठेही राहो, जगभरातली कमाई त्याने तिकडे सांगायचीच. परदेशात राहून कमावलेल्या पगारावर मात्र सूट आहे: २०२१ साठी १,०८,७०० डॉलर, २०२२ साठी १,१२,०००, २०२३ साठी १,२०,०००. माझा पगार याच्या निम्म्याच्या आसपास. कर शून्य! पण ही सूट आपोआप मिळत नाही. रिटर्न भरून, त्याला फॉर्म २५५५ जोडून मागावी लागते. माझं लग्न इथे २०२१ मध्ये झालं, बायको भारतीय, अमेरिका तिने पाहिलेलीही नाही. म्हणून मी 'विवाहित, वेगळं रिटर्न' या गटात. त्या गटात वर्षाची कमाई किती झाली की रिटर्न भरावं लागतं? पाच डॉलर. पाच हजार असेल, शून्यं छापायची राहिली असतील, असं वाटून पुन्हा पाहिलं. पाचच.

सुटीसाठी मी धरलेला निकष दिवसांचा: सलग बारा महिन्यांत ३३० पूर्ण दिवस परदेशात, म्हणजे अमेरिकेबाहेर, काढलेले हवेत. दिवस मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत मोजायचा, म्हणजे निघालो तो आणि पोचलो तो, दोन्ही बाद. २०२१ आणि २०२३ ला मी भारताबाहेर गेलोच नव्हतो. २०२२ ला मात्र मित्राच्या लग्नाला अमेरिकेत गेलो होतो. पासपोर्टवरचे शिक्के काढून बसलो: ३ मे ला मुंबईहून निघालो, १० जूनला परत उतरलो. ३९ दिवस. उरले ३२६. चार दिवस कमी! लग्नानंतर बहिणीकडे 'आलायस तर राहा आठवडाभर' म्हणून राहिलो होतो, तो आठवडा डोळ्यांसमोर आला.

वाट काढली ती सीएने. बाई अमेरिकन रिटर्नंच करतात. त्या म्हणाल्या, बारा महिने जानेवारीलाच सुरू व्हायला हवेत असं कोण म्हणालं? ७ जून २०२१ ते ६ जून २०२२ धरा. यात सहलीचे ३५ दिवस येतात, उरतात बरोबर ३३०. मग ७ मे २०२२ ते ६ मे २०२३ धरा. पुन्हा ३५ जातात, पुन्हा ३३०. हे दोन तुकडे एकमेकांवर चढलेले चालतात, आणि दोन्ही मिळून अख्खं २०२२ झाकलं जातं. मी कॅलेंडरवर बोट ठेवून दोनदा मोजलं. मग त्यांनी विचारलं, "तिकडे असताना ऑफिसचं काम केलं होतंत?" नशिबाने पूर्ण रजा होती. लॅपटॉप उघडला असता, तर तेवढ्या दिवसांचा पगार अमेरिकेत कमावलेला ठरून करसवलतीतून बाहेर गेला असता.

सूट फक्त मेहनतीच्या कमाईला. एफडीचं व्याज तिच्यात येत नाही. माझं व्याज थोडं होतं, ते स्टँडर्ड डिडक्शनमध्येच जिरलं. म्युच्युअल फंडातल्या एसआयपी २५,००० डॉलरच्या आत होत्या म्हणून फॉर्म ८६२१ नावाचं, अमेरिकेबाहेरच्या फंडांसाठीचं प्रकरण टळलं. त्या मी लगेच थांबवल्या, आणि परत येणाऱ्या कुणालाही पहिली गोष्ट तीच सांगतो. बाणेरचा मित्र फ्रीलान्सर आहे, त्याची गत वेगळी. आयकर माफ, पण १५.३ टक्के सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स, म्हणजे स्वतःचं काम करणाऱ्यांनी तिकडच्या सोशल सिक्युरिटीसाठी (पेन्शन वगैरे) भरायचा कर, सुटत नाही, कारण भारत आणि अमेरिकेत सोशल सिक्युरिटीचा करार नाही.

मागचं राहिलेलं भरायला एक योजना आहे: तीन वर्षांची रिटर्नं, सहा वर्षांचे बँक खात्यांचे अहवाल, आणि हे जाणूनबुजून केलं नाही असं शपथेवर सांगणारा फॉर्म १४६५३. कारण आपल्या शब्दांत लिहायचं. माझा पहिला मसुदा वाचून बाई म्हणाल्या, "माफीनामा नकोय. तारखा लिहा."

पगाराचे आकडे जुळवायलाही एक रविवार गेला. फॉर्म १६ एप्रिल ते मार्चचा, तिकडचं वर्ष जानेवारी ते डिसेंबरचं, त्यामुळे ३६ पगारपत्रकं एकेक काढून बेरीज केली.

खरी अडचण घरात होती. परदेशातल्या सगळ्या खात्यांची मिळून रक्कम वर्षात एखाद्या दिवशी जरी १०,००० डॉलरवर गेली, तरी अहवाल लागतो, आणि त्यात जोडनावाची खातीही धरायची, तीही पूर्ण रकमेनिशी. आईच्या सहकारी बँकेतल्या सगळ्या ठेवींवर बाबा गेल्यापासून दुसरं नाव माझं. आकडे मागितले तेव्हा ती पोळ्या लाटत होती.

"माझ्या ठेवी अमेरिकेला कशाला सांगायच्या?"

"माझं नाव आहे ना त्यावर."

"नाव तुझं आहे. पैसे माझे आहेत."

तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. दोन दिवसांनी पावत्यांची पिशवी न बोलता माझ्या टेबलावर आली. ठेवीसाठी मिळालेल्या स्टीलच्या डब्याची पावतीसुद्धा त्यात होती.

ऑगस्टमध्ये खात्यांचे अहवाल ऑनलाइन गेले. रिटर्नं मात्र कागदावर. प्रत्येकाच्या पहिल्या पानावर लाल शाईने योजनेचं नाव लिहून गठ्ठा टेक्सासमधल्या ऑस्टिनला कुरियर केला. तिन्ही वर्षांचा कर शून्य, बाईंची फी मात्र दीड लाखाच्या घरात. तुमचं प्रकरण मिटलं असं पत्र या योजनेत येतच नाही, हे आधीच कळलं होतं. तरी पुढचे काही महिने टपालपेटी उघडताना हात जरा थांबायचा.

मार्चमध्ये आईच्या दोन ठेवींची मुदत संपली. ती एकटीच रिक्षाने बँकेत जाऊन आली आणि नव्या पावत्या माझ्यासमोर ठेवल्या.

"तुझं नाव काढलं," ती म्हणाली. "नॉमिनी ठेवलंय. चालतं ना त्यांना?"

चालतं.